सात पोपटांचा दांडा

दोन टेकड्या चढायच्या, एक ओढा ओलांडायचा, आणि पुढे पळसाचं लालकेशरी रान दिसलं की समजायचं, पांगरवाडी आली. वाडीत आळ्या दोनच, एक वरची आणि एक खालची. दोन्हींच्या मधोमध चिंचेचं एक म्हातारं झाड होतं. खालच्या आळीच्या अगदी टोकाच्या घरात बकुळा आणि तिची आई राहायच्या.

त्या घराला भिंती होत्या, छप्परही होतं, पण दार म्हणावं असं दार नव्हतं. बांबूचं एक फाटकं तट्टं सुतळीनं बांधून उभं केलेलं होतं. हिवाळ्यात त्यातून वारा यायचा, उन्हाळ्यात धूळ यायची, आणि बाराही महिने शेजारच्यांची शेळी यायची. शेळी येऊन गेली की टोपलीतली भाकरीही गेलेली असायची. आई दिवसभर शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. बांधून बांधून तिच्या बोटांना चिरा पडायच्या. बकुळा नऊ वर्षांची होती, दोन घट्ट वेण्यांची, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या नाकाची. आईच्या बोटांना तेल लावताना ती रोज मनाशी म्हणायची, मी मोठी झाले की आधी एक दार आणीन, कडी असलेलं.

आता पांगरवाडीची होळी कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. होळीला दर घरानं पाच गोवऱ्या आणि एक लाकूड द्यायचं, हे झालं सरळ काम. पण सरळ कामात मुलांना कुठली मजा? म्हणून होळीच्या दिवशी सकाळपासून ते राख गार होईपर्यंत चोरीची मुभा असायची. कुणाच्याही अंगणातलं लाकूड उचलावं आणि आपल्या आळीच्या ढिगावर टाकावं. ज्याचं गेलं त्यानं रागवायचं नाही, आणि ढिगावर पडलेलं परत मागायचं नाही. मात्र एका आळीनं दुसऱ्या आळीच्या ढिगातून काही पळवलं आणि चिंच ओलांडली, तर ते पळवणाऱ्याचं झालं. हे नियम कुणी केले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी बकुळाच्या घरी गोवऱ्या होत्या, लाकूड नव्हतं. आईनं लाकडाऐवजी होळीची जागा झाडायला एक नवी कोरी केरसुणी पाठवली. खालच्या आळीची पुढारी होती यमू, बारा वर्षांची, ताशासारख्या आवाजाची. ती केरसुणीला काही वाईट बोलली नाही. पण ढिगावर सगळ्यांच्या घरचं काही ना काही पडलेलं आणि आपलंच नाही, हे बकुळाच्या मनाला लागलं. मग ती उठली आणि थेट वरच्या आळीत, भिवाआबा सुताराच्या परसात शिरली.

भिवाआबा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. होळीच्या दिवशी ते सकाळपासून काठी घेऊन ओसरीवर बसायचे, आणि गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या घरची काडीसुद्धा कुणाला चोरता आली नव्हती. पण आज आबा ओसरीवर नव्हते. परसात, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट लाकूड भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. बकुळानं ते खांद्यावर घेतलं आणि जी धूम ठोकली ती खालच्या आळीत येऊनच थांबली. यमूनं लाकूड ढिगाच्या तळाशी खुपसलं आणि बकुळाच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या टोळीनं तिच्या नावानं बोंब ठोकली. बकुळाचा चेहरा नुसता फुलून आला होता.

दुपारी आईनं तिला भिवाआबांकडे केरसुणी पोचवायला पाठवलं. आबांची लेक सुंदरा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि उद्या तिच्या छकुलीचं बारसं होतं. बकुळा उड्या मारत गेली आणि दाराशीच थबकली. आत शिसवी पाळणा जमिनीवर ठेवलेला होता, चकचकीत, पण टांगलेला नव्हता. पाळणा टांगायचा आडवा दांडाच जागेवर नव्हता. सुंदरा आबांना विचारत होती की सात पोपटांचा दांडा गेला कुठे. आबांनी सगळा हिवाळा खपून सागाच्या दांड्यावर इवले इवले सात पोपट कोरले होते. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, तसं काम त्यांच्याच्यानं पुन्हा होणार नव्हतं.

"होळीला गेला," आबा हळूच म्हणाले. "परसात उघड्यावर ठेवला, ती माझीच चूक. होळीच्या चोरीला राग धरायचा न्हाई, पोरी. झोळी बांधू आपण."

असं म्हणून ते हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. केरसुणी उंबऱ्यावर ठेवून बकुळा जी पळाली ती ओढ्याकाठच्या पळसाच्या रानात जाऊन पडली, आणि मग मनसोक्त रडली.

रान नुसतं पेटल्यासारखं फुललं होतं. झाडांवर एक पान नव्हतं, सगळी फुलंच फुलं, केशरी, शेंदरी, कुंकवासारखी लाल. खालीही फुलांचा सडा होता. रडता रडता बकुळाला वाटलं, आपल्याखेरीज आणखी कुणीतरी इथं मुसमुसतंय. तिनं वर पाहिलं. दोन फुलांच्या मधे कोळ्याचं जाळं होतं, आणि जाळ्यात करंगळीएवढं काहीतरी चमचमत होतं. बकुळाला वाटलं, फुलपाखरू असेल. सगळं जाळं ओढून काढणं सोपं होतं, पण मधे कोळी बिचारा बसलेला होता. म्हणून तिनं एका कोपऱ्याचे चार धागे तेवढे नखानं सोडवले आणि कोळ्याला म्हणाली, "तुझं घर मोडत नाही हं."

धागे सुटले तसा सोनेरी चुरा उधळला. चुऱ्यातून एक इटुकली परी तिच्या तळहातावर उतरली. पळसाच्या पाकळीचा घागरा, पंखांवर अभ्रकाची झिलमिल, डोक्यावर दवबिंदूचं टिकलीएवढं मुकुटुलं, आणि गालावर हळदीगुलालाची फराटी.

"मी फागुली," ती म्हणाली. "शिमग्याच्या खोड्यांची परी. कोळ्याच्या मिशा ओढायला गेले आणि अडकले. तू मला सोडवलंस आणि त्याचं घरही राखलंस. म्हणून तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन."

बकुळा म्हणाली, तो दांडा तेवढा ढिगातून काढून दे. फागुलीनं मान हलवली. ढिगावर पडलेलं परत मागायचं नाही, हा नियम परीलाही होता. शिवाय तिचे स्वतःचे तीन नियम होते आणि ते तिनं बोटांवर मोजून दाखवले. इच्छा पुरी होईल ती खोडीच्या वाटेनंच होईल. ज्याची खोडी काढली त्याला हसू आलं पाहिजे, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर खोडी उलटून मागणाऱ्याच्याच गळ्यात पडेल. आणि होळीच्या पहिल्या ज्वाळेबरोबर परी निघून जाईल, राहिलेल्या इच्छा घेऊन.

बकुळानं जरा विचार केला. तिसरी इच्छा तिनं मनात बाजूला ठेवून दिली. ती दारासाठी, कडीसकट. पहिली इच्छा तिनं लगेच सांगून टाकली. आबांना पोपटांचा दांडा मिळू दे.

फागुलीनं टाळी वाजवली. बकुळा आबांच्या कुंपणापाशी येऊन पाहते तो काय, आबांच्या काठीवर सात पोपट फुटलेले. कुऱ्हाडीच्या दांड्यावर सात, पळीच्या दांडीवर सात, छत्रीच्या मुठीवरसुद्धा दाटीवाटीनं सात. हिरवे, पिवळे, चोचीला लाली लावलेले, आणि सगळे एकदम विठू विठू करत होते. आबा एकेक दांडा उचलायचे, बोटानं चाचपायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी ते ओट्यावर बसले.

"छान हायेत," ते स्वतःशीच म्हणाले. "पर माझ्या हातचे न्हाईत." आणि त्यांच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

झालं. सगळे पोपट फुर्रकन दिसेनासे झाले आणि बकुळाच्या दोन्ही वेण्या ताठ होऊन दोन बाजूंना उभ्या राहिल्या. हात लावून पाहिलं तर अस्सल लाकूड. ती पळून जाणार होती, पण वेण्या कुंपणात अडकल्या. आणि खरं सांगायचं तर पळून जावं असं आता तिला वाटतही नव्हतं. ती वाकडीतिकडी होत, आडव्या चालीनं आत आली आणि आबांपुढे उभी राहिली.

"आबा, दांडा मी चोरला," ती म्हणाली. "आत काय हाय ते मला ठावं नव्हतं. पर मी बघितलं बी न्हाई. चुकलं माझं."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर उजव्या वेणीवर गेली. मग डाव्या वेणीवर. त्यांच्या मिशा थरथरल्या. पोटातून गुडगुड आवाज आला, आणि गेल्या कित्येक वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. भिवाआबा खो खो हसायला लागले. ते हसले तशा बकुळाच्या वेण्या मऊ होऊन खांद्यावर पडल्या.

हसताहसता आबांना त्यांचं लहानपण आठवलं. होळीच्या चोरीत त्यांच्याएवढा पटाईत पोरगा वाडीत नव्हता. एकदा तर त्यांनी पाटलाची बाज पळवली होती, आणि बाजेवर पाटील घोरत होते. पाटील जागे झाले ते होळीजवळ, चांगलं ऊन लागल्यावर. हे ऐकता ऐकता बकुळाचे डोळे चमकायला लागले.

"आबा, तुम्ही वरच्या आळीचे ना?"

"व्हय की."

"मग दांडा मागायचा कशाला? चोरा की."

आबांनी आधी कानावर हात ठेवले. या वयात पोरांच्या ढिगात हात घालायचा म्हणजे काय, लोक काय म्हणतील. मग ते आत डोकावले. सुंदरा जुन्या लुगड्याची झोळी बांधत होती आणि छकुली मुठी चोखत होती. आबांनी धोतराचा काचा मारला.

खालच्या आळीच्या ढिगाला यमूची टोळी डोळ्यांत तेल घालून जपत होती. ऊन उतरलं होतं, तासाभरात होळी पेटणार होती. बकुळा येऊन त्यांच्यात बसली आणि परकराच्या ओच्यात लपलेल्या फागुलीला तिनं दुसरी इच्छा सांगितली. या सगळ्यांना जरा वेळ घरी जाऊ दे.

लगेच ढिगाच्या तळातून, दांड्यावरच्या लाकडी पोपटांनी चोची उघडल्या. पहिला पोपट हुबेहूब यमूच्या आईच्या आवाजात म्हणाला, पोळी गार होतेय. दुसरा गणूच्या आजीच्या आवाजात म्हणाला, तुझी पोळी ताई खातेय. बाकीच्यांनीही आपापल्या आया वाटून घेतल्या. पुरणपोळीचं नाव ऐकल्यावर पहारा कुठला टिकतो? टोळी उठली आणि घराकडे सुटली. जाता जाता यमू ओरडली, "बकुळे, तू राख गं ढीग."

आणि बकुळा एकटी राखणदार राहिली. तिकडून भिवाआबा चवड्यांवर चालत आले, चपला काखेत मारून, मिशीतल्या मिशीत हसत. आता बकुळाला मोठा पेच पडला. ती खालच्या आळीची. आबांना हात लावून मदत करावी तर ती फितुरी, आणि ओरडून टोळीला बोलवावं तर दांडा जळणार. तिनं चिंचेकडे तोंड केलं, लपाछपीत करतात तसे डोळे मिटले आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लागली. मागे गोवऱ्या घसरल्याचा, लाकूड ओढल्याचा आणि आबांना ठसका लागल्याचा आवाज आला. पंचाहत्तर म्हणेपर्यंत सगळं शांत झालं.

तेवढ्यात टोळी हसत खिदळत परत आली. हाका कुणीच मारल्या नव्हत्या, पण आयांनी आलेल्यांच्या हातावर पुरणाचे गोळे ठेवले होते. यमूनं समोर पाहिलं आणि तिच्या हातातला गोळा तिथेच राहिला. खांद्यावर गोणपाट घेऊन भिवाआबा चिंचेच्या दिशेनं पळत होते.

मग जी पळापळ झाली ती पांगरवाडी अजून विसरलेली नाही. पुढे आबा, मागे पंधरा पोरं. आबांना पळता भुई थोडी झाली. चिंच वीस पावलांवर राहिली आणि आबांचा दम संपला. यमूचा हात आता गोणपाटाला लागणार, इतकी ती जवळ आली.

बकुळाकडे एकच इच्छा उरली होती. दार तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, कडीसकट. शेळी दिसली. आईची बोटं दिसली. मग दोन मुठी चोखणारी छकुली दिसली. बकुळा ओच्याकडे वाकली.

"फागुले," ती म्हणाली, "यांना गुदगुल्या कर."

आणि वाटेवरच्या धुळीनं पंधराच्या पंधरा पोरांच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. यमू आधी खाली बसली, मग लोळली. गणूला हसून हसून उचकी लागली. आबांनी मागे वळून ते पाहिलं आणि तेही हसायला लागले, आणि हसत हसतच त्यांनी चिंच ओलांडली. चोरावर मोर, असं म्हणत बायाबापड्या दारादारांतून टाळ्या पिटत होत्या.

हसणं ओसरल्यावर यमूनं कमरेवर हात ठेवून विचारलं, पहारा कुणाचा होता. बकुळा पुढे झाली. मी होते, मी डोळे मिटले, असं तिनं सांगून टाकलं. वाडीत फितुरीला दंड ठरलेला होता. फितुराच्या घरातलं एक लाकूड आपल्या आळीच्या होळीला जायचं. यमूला बकुळाचं घर माहीत होतं. तिचा ताशा जरा मऊ वाजला, पण नियम तो नियम.

घरात लाकडाचं असं एकच होतं. बकुळानं आईला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. आईनं ऐकून घेतलं, सुतळी सोडली आणि तट्टं लेकीच्या डोक्यावर दिलं.

"ने," ती म्हणाली. "दार नव्हतंच ते, बाळा. वारा नुसता त्याला विचारून आत यायचा, आता न विचारता येईल. तू तुझ्या हातानं चूक निस्तरलीस, मला तेवढं पुरे."

चंद्र डोंगराआडून वर आला आणि होळी पेटली. सगळ्यांत वर बकुळाच्या घराचं तट्टं होतं, ते फुलबाजीसारखं तडतडलं. तेव्हा फागुली बकुळाच्या ओच्यातून उडाली आणि ज्वाळेच्या शेंड्याशी जाऊन तरंगत राहिली. तिचा घागरा केशरी झाला, मग सोनेरी, मग नुसता उजेड.

"बकुळे," तो उजेड म्हणाला, "तुझ्या तिन्ही झाल्या. पण एक खोडी माझी स्वतःची उरलीय हं."

एक लख्ख ठिणगी उंच गेली, चांदण्यांत मिसळली, आणि परी नाहीशी झाली. बाकीचे लोक होळीत नारळ टाकत होते, त्यांना काही दिसलं नाही. बकुळानं मात्र पाहिलं की यमूची टोळी भिवाआबांभोवती डोकी जुळवून बसलीय आणि आबांच्या मिशा पुन्हा थरथरतायत. आपल्यावर रागावलीत बिचारी, असं तिला वाटलं. घरी येऊन तिनं आणि आईनं दाराच्या जागी एक पोतं टांगलं आणि दोघी झोपी गेल्या.

सकाळी बकुळाला जाग आली ती शेळीच्या ओरडण्यानं. पण आवाज आतून येत नव्हता, बाहेरून येत होता. तिनं डोळे चोळले. पोतं नव्हतं. त्या जागी दार होतं. सागाचं, जाड, तुळतुळीत, पितळी कडीचं. ते दार वाडीतल्या प्रत्येकाच्या ओळखीचं होतं, कारण चाळीस वर्षं ते भिवाआबांच्या कामाच्या खोलीला होतं.

दोघी बाहेर आल्या तर अंगणात यमूची टोळी बसलेली, नाकातोंडाला भुसा लागलेला. त्यांच्यामधे भिवाआबा करवतीला टेकून ऐटीत उभे. आई म्हणाली, इतकं मोठं दार आम्हाला नको, ते परत घेऊन जा.

"मी दिलंच न्हाई तर परत कसं घेऊ?" आबा म्हणाले. "या पोरांनी पहाटं चोरलं. होळीची राख अजून गरम हाय, हात लावून बघ. होळीच्या चोरीला राग धरायचा न्हाई आन परत मागायचं न्हाई. नियम हाय."

"मग बिजागऱ्या कुणी बसवल्या?" बकुळानं विचारलं.

आबांनी आभाळाकडे पाहिलं. आई आधी हसली आणि मग तिला रडू आलं. आबा घाईघाईनं म्हणाले की लवकर आवरा, दांड्याला पाळणा टांगलाय, बारशाला पहिला झोका बकुळानं द्यायचा.

सगळे निघाले तेव्हा बकुळानं मागे वळून दार ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराला कडी लावली. कडीच्या वर एक इवलासा पोपट कोरलेला होता. काल त्या दारावर तो नव्हता, आणि आबांनीही तो कोरला नव्हता. त्याच्या गालावर हळदीगुलालाची बारीक फराटी होती.

शेळी भाकरीच्या आशेनं दाराशी गेली आणि तिनं शिंगानं टकटक केलं.

"कोण आहे?" पोपट म्हणाला.

शेळी जी उधळली ती थेट चिंचेपलीकडे. त्या दिवसापासून बकुळाच्या टोपलीतली भाकरी बकुळा आणि तिची आईच खातात. दर फाल्गुनात पळस फुलला की तो पोपट एकदा डोळा मिचकावतो. पांगरवाडीला गेलात तर त्या दारावर टकटक करून बघा. पण आत कुणी असेल तर हसत आत जा, बाहेरून रडत आलेल्याला तो पोपट आधी गुदगुल्या करतो.